अठ्ठावीस गुंठे, हातातली अवजारं आणि तीन पावसाळे

कातळकोपरा | १९ नोव्हेंबर, रात्री ९.१२

संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित अठ्ठावीस गुंठे जमीन आहे. त्यातली बारा गुंठे भाताची खाचरं, तीही सात तुकड्यांत, एकाखाली एक. उरलेल्यात घर, विहीर, आंब्याची नऊ कलमं आणि थोडी भाजी. वडील गेल्यावर सहा वर्षं सगळं पडीक होतं. तीन वर्षांपूर्वी मी आणि बायको ठाणं सोडून इथे राहायला आलो. मागच्या आठवड्यात तिसरं पीक कणगीत (धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत) पडलं, साडेचार क्विंटल भात. तीन वर्षांत जे शिकलो ते विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून हा धागा काढतोय.

यंत्र नको असं ठरवून आम्ही सुरुवात केली नव्हती. खाचरांपर्यंत जायला जांभ्याची पाखाडी आहे, शंभरेक पायऱ्या. पहिल्या वर्षी भाड्याचा पॉवर टिलर सांगितला होता. तो चार माणसांनी उचलून खाली न्यायचा असं ठरलं. मालकाकडे आधीची कामं होती, तो आला बारा दिवस उशिरा. एकवीस ते पंचवीस दिवसांचं रोप लावायचं असतं, आमचं पस्तीस-छत्तीस दिवसांचं झालं. म्हातारं रोप फुटत नाही. त्या वर्षी चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या पुंजक्याला) चार-पाच फुटवे धरले आणि पीक जेमतेम अडीच क्विंटलवर थांबलं. दोष टिलरला देत नाही. आमच्यासारख्या तुकड्यांना तो वेळेवर मिळत नाही, एवढंच.

दुसऱ्या वर्षीपासून नांगरणी-चिखलणी शेजारच्या आबांच्या जोताने, म्हणजे बैलजोडी-नांगराने केली. पैसे दिले नाहीत. आबांच्या दीड दिवसाच्या जोताला आम्ही दोघांनी त्यांच्याकडे लावणीला दोन-दोन दिवस दिले. जोत वळत नाही ते कोपरे कुदळीने खणले, बांध फावड्याने लिंपले. लावणी, बेणणी (तण काढणं), कापणी, झोडणी, उपणणी, सगळं हाताने.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी मला वाटत होतं की माझ्या अंगात ताकद नाही. बाजारातून पत्र्यासारखा पातळ कोयता आणि दोन विळे आणले होते. अर्धा बांध साफ करेपर्यंत तळहाताला फोड. आबांनी माझा विळा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ह्यो इळा कापत नाय, वढतो." त्यांचा विळा त्यांनी मला दिला. तेच गवत, तोच मी, पण दुपारपर्यंत दोन बांध झाले. ताकदीचा प्रश्न नव्हताच, धारेचा होता.

आमच्यापासून एकोणीस किलोमीटरवर एक लोहार भाता चालवतात. त्यांनी ट्रकच्या कमानपाट्यातून मला दोन कोयते घडवून दिले. त्यांच्यासमोर बसून जे पाहिलं ते असं: लोखंड लाल करून ठोकणं हे अर्धंच काम. पातं शेवटी कितपत तापवून पाण्यात बुडवायचं यावर त्याचं आयुष्य ठरतं. हे पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, जास्त चढलं तर पातं काचेसारखं तुटतं, कमी चढलं तर धार मुडपते. त्यांनी बजावलं की विजेच्या चाकावर धार लावू नका. कड निळी पडली की पाणी उतरलं, मग कितीही घासा, धार टिकणार नाही. तेव्हापासून कोयत्याला रोज सकाळी आणि जेवणानंतर निसण्यावर (धारेच्या दगडावर) पाणी टाकून दहा-दहा हात मारतो. कुदळीला आणि फावड्याला कानस, तीही एकाच बाजूने. पहार आणि कुदळ वर्षातून एकदा लोहाराकडून शेवटून, म्हणजे टोक पुन्हा घडवून आणतो.

भाताच्या कापणीला आता दातेरी वैभव विळा वापरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत त्याचं नाव आहे. हलका आहे आणि जमिनीलगत कापता येतं. जमिनीलगत कापण्याचं महत्त्व मला दुसऱ्या वर्षी कळलं. खोडकिड्याच्या अळ्या धसकटात राहतात. धसकट उंच ठेवलं तर त्यांना आपणच घर बांधून देतो.

बी निवडायला मिठाचं पाणी: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगेल ते काढून टाकायचं, खाली बसेल ते दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. बारा गुंठ्यांना पाच किलो बी पुरलं. रोपासाठी सव्वा गुंठ्याचे गादीवाफे केले. पूर्वी आमच्याकडे दाढ, म्हणजे रोपवाटिकेची जागा भाजायचे, शेण, कवळं (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), गवत पसरून. त्याने तणाचं बी मरतं हे खरं, पण त्यापायी दरवर्षी किती झाडं ओरबाडली जायची ते लहानपणी पाहिलंय. ही जुनी रीत आम्ही मुद्दाम सोडली.

अजून पुष्कळ आहे. तुमच्याकडे हाताने काय करता, कशाने करता, ते लिहा.

---

मालदांडी | १९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

मंगळवेढ्याकडचा आहे. नऊ एकर, सगळी काळी, कोरडवाहू. तुमचं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडे हे नऊ एकरांवर होणार नाही. नांगरट ट्रॅक्टरने. बैलजोडी सहा वर्षांपूर्वी विकली, चाऱ्याला पुरं पडेना.

तरी एका गोष्टीत मी जुनाच राहिलोय, ती म्हणजे कोळपणी. रब्बी ज्वारी पावसावर नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. थंडीत रान भेगाळतं आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. कोळपं फिरवलं की वरचा थर भुसभुशीत होतो, भेग बुजते. आमच्याकडे म्हणतात की एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासेचं (पास म्हणजे माती कापणारं आडवं पातं), आठव्यात दातेरी. राहुरीच्या विद्यापीठाच्या शिफारशीतही हेच आहे आणि आजोबाही हेच करायचे. तणनाशक मारून तण मरेल, भेग कोण बुजवणार?

बैल गेल्यावर दोन वर्षं कोळपणी चुकली आणि ज्वारी पोटरीत असतानाच सुकायला लागली. मग सायकल कोळपं आणलं. पुढे सायकलचं चाक, मागे पास, दोन मुठी. एक माणूस ढकलतो. वाफसा असेल तर दिवसाला अर्धा-पाऊण एकर सहज होतं. वाफसा गेला की त्याच कोळप्याने चार ओळी होत नाहीत. नऊपैकी तीन एकर मी याने करतो, बाकीचं शेजाऱ्याच्या बैलांनी.

पास लोहाराकडूनच करून घ्या. विकत मिळते ती पास मऊ असते, खड्याला लागली की वाकते.

---

पेणची_थोरली | २० नोव्हेंबर, सकाळी ६.५५

कातळकोपरा दादा, धागा चांगला आहे. पण मला एक मनापासून सांगायचंय, राग मानू नका.

"सगळं हाताने" असं लिहिलंत. लावणी, बेणणी, उपणणी, ही आमच्याकडे बायकांची कामं. नांगरट आणि चिखलणी पुरुषाची. म्हणजे यंत्र आलं ते आधी पुरुषाच्या कामाला. बाईची कामं अजून वाकूनच आहेत. मी पंचवीस वर्षं लावणी केली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वाकलेलं, वर पाऊस, पायाच्या बोटांत चिखल्या. रात्री बोटांना हळद-तेल लावून झोपायचं, सकाळी पुन्हा त्याच चिखलात पाय घालायचा, तेव्हा जी आग होते ती शब्दांत सांगता येत नाही.

माझ्या सासूबाई जात्यावर दळायच्या, उखळात कांडायच्या. ओव्या सगळ्यांना आवडतात. साठीनंतर त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि तो जात्याने गेला असं त्या स्वतः सांगायच्या. गावात भाताची गिरण आली त्या दिवशी त्यांनी मुसळ माळ्यावर टाकलं, ते मरेपर्यंत खाली काढू दिलं नाही.

हाताची अवजारं मलाही हवी आहेत. पण माझ्या उंचीची, माझ्या पाठीला झेपणारी. चार गोष्टींनी माझं आयुष्य बदललं. पायडलचं मळणी यंत्र, म्हणजे दगडावर भारे आपटायचे थांबले. लांब दांड्याचं कोळपं, भाजीतली बेणणी उभ्याने होते. खुरपायला बसताना फळीचा लहान पाट, गुडघ्यावर भार येत नाही. आणि गावाबाहेरच्या सुताराकडून मुद्दाम कापून घेतलेला फावड्याचा दांडा. बाजारचा दांडा माझ्या हनुवटीला लागायचा.

तुमच्या घरी लावणी कोण करतं, ते लिहा.

---

कातळकोपरा | २० नोव्हेंबर, दुपारी १.३०

पेणच्या ताई, राग कसला. हे मी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही.

लावणी आम्ही दोघं करतो. पहिल्या वर्षी मी रोप आणून द्यायचं आणि बायकोने लावायचं अशी वाटणी झाली होती. कुणी ठरवली नव्हती, आपोआप झाली. तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना. तेव्हापासून तासातासाने कामं बदलतो, ती रोप काढते-वाहते, मी लावतो. पहिल्यांदा माझ्या ओळी वाकड्या यायच्या. मग दोरीवर लावायला लागलो.

आम्ही चारसूत्री पद्धतीने लावतो. डॉ. नारायण सावंत यांनी ती कोकणातल्या लहान शेतकऱ्यासाठी बसवली आणि ती मला फार मोलाची वाटते, कारण तिला लागतं ते सगळं हाताने होतं. पहिलं सूत्र, भाताचा तूस किंवा पेंढा जाळून त्याची राख रोपवाटिकेत, म्हणजे रोपाला सिलिका मिळते. दुसरं, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीच्या आधी खाचरात. तिसरं, खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतर ठेवून चुडात दोन-तीनच रोपं. चौथं, चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, बोटाने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. खत वाहून जात नाही, चार चुडांनाच मिळतं. आमच्या बारा गुंठ्यांना साडेसात हजारांच्या आसपास गोळ्या लागतात. म्हणजे साडेसात हजार वेळा वाकायचं. ताई, तुमचं म्हणणं इथे मला पूर्ण पटतं. पण वीस किलो खतात भागलं, आधी दुप्पट टाकत होतो आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर ते ओढ्याला जात होतं.

कांडणं-दळणं आम्ही करत नाही. भात गिरणीतच जातं. मळणीला अजून लाकडी बाकावर झोडतो. पायडलचं यंत्र तुमच्या लिहिण्यानंतर आज घरी बोलून ठरवलं, पुढच्या वर्षी आबा आणि आम्ही मिळून घेणार.

---

दांडापाचर | २० नोव्हेंबर, रात्री ८.०५

सुतारकाम हा माझा पिढीजात धंदा, म्हणून दांड्यांबद्दल लिहितो. धारेबद्दल सगळे बोलतात. दांड्याकडे कुणी बघत नाही आणि फोड येतात ते दांड्याने.

कुदळ-टिकावाचा दांडा एका टोकाला जाड असतो. नेढं (अवजाराचं दांड्यासाठीचं भोक) बारीक टोकाकडून घालून वर जाड टोकापर्यंत सरकवायचं. मग प्रत्येक घावाला अवजार आपोआप आवळत जातं, पाचर लागत नाही. लोक उलटं बसवतात, खालून खिळे ठोकतात, आणि मग एक दिवस कुदळ निसटून मागच्या माणसाला लागते. कुऱ्हाडीला मात्र पाचर हवीच.

लाकूड: कोकणात ऐन, देशावर बाभूळ. फांदीचं नको, सरळ रेषांचं, कुठल्याच अंगाला गाठ नसलेलं. ओलं लाकूड घातलं तर दोन महिन्यांत सैल. साल काढून सावलीत वर्षभर तरी वाळवा. आणि रंधा मारून गुळगुळीत चकचकीत करू नका. काचेच्या कडेने खरवडून घ्या, हाताला धरतो. रोगण नको, घामाने घसरतं. जवसाचं किंवा करंजाचं तेल वर्षातून दोनदा चोळा.

सैल दांडा रात्रभर पाण्यात बुडवण्याची सवय फार ठिकाणी आहे. फुगतो, घट्ट वाटतो, आणि वाळला की पहिल्याहून सैल होतो, कारण नेढ्यात चेपलेला तंतू परत येत नाही. कापणीच्या दिवसात निभावून न्यायचं तर ठीक. कायमचा उपाय म्हणून करू नका.

लांबी: उभं राहून दांडा जमिनीवर टेकवा. कुदळीचा कमरेच्या थोडा वर, लांब कोळप्याचा खांद्यापर्यंत. पेणच्या ताई म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे दांडा सांगायला येतो तो पुरुष, वापरते त्याची बायको. मी आता विचारतो, कोण वापरणार? आणि तिला बोलावून घेतो.

---

रानमेवा२ | २० नोव्हेंबर, रात्री ९.२२

वैभव विळा कुठे मिळतो? आमच्या अकोल्यात, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या, कुणाकडे दिसला नाही.

कातळकोपरा | २० नोव्हेंबर, रात्री ९.५०

मला देवरुखात कृषी सेवा केंद्रात मिळाला. दापोलीला कुणी जाणार असेल तर विद्यापीठात विचारायला सांगा. एक काळजी घ्या, त्याला निसण्यावर घासू नका, दात जातात. दात बोथट झाले की लोहाराकडून छिन्नीने नवे काढून घ्यायचे.

---

भीमेकाठची_जाळी | २१ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

आंबेगावच्या पश्चिम भागातून लिहितोय, भीमाशंकरच्या कुशीतून. सगळे अवजारांवर बोलताहेत. मला वाटतं, हाताची शेती एकट्याची कधीच नव्हती, आणि आता ती जड वाटते त्याचं मोठं कारण तेच.

आमच्या महादेव कोळी वाड्यांत पडकई असते. उतारावर दगडी बांध घालून भातखाचर काढायचं, तर एका घराला ते दहा वर्षांत होणार नाही. म्हणून आठ-दहा घरं एकत्र येतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्याच्याकडे काम तो जेवण घालतो. पहार, टिकाव, घमेलं ज्याचं त्याने आणायचं. माझ्या आजोबांची चार खाचरं अशी उभी राहिली, त्यातलं एक तर निव्वळ मोठमोठ्या धोंड्यांच्या बांधावर आहे. पुढे सरकारी योजनेलाही हेच नाव मिळालं. पैसे आले, यंत्र आलं, खाचरं पुष्कळ झाली. काही ठिकाणी बांध पहिल्याच पावसात बसले, कारण दगड जुळवून लावायला जे डोळे लागतात ते तिथे नव्हते.

देशावर इर्जिक म्हणतात. एकाच्या रानात गावातली सगळी औतं एका दिवशी. सावड, वारंगुळा, नावं वेगळी, हिशेब तोच: दिवसाला दिवस. तुमच्या आबांच्या जोताचा हिशेब म्हणजे सावडच.

तुमच्या वाडीत अशी किती घरं उरली आहेत?

---

कातळकोपरा | २१ नोव्हेंबर, रात्री ८.४५

चौदा घरांतली पाच उघडी आहेत. त्यातल्या तिघांची शेती चालू आहे. बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात.

तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ लिहिता आलं नाही. माझ्या वडिलांच्या वेळी लावणीला आमच्या खाचरात एका वेळी बावीस माणसं असायची, बारा गुंठे सकाळी न्याहारीपासून दुपारपर्यंत संपायचे. आम्हा दोघांना नऊ दिवस लागतात. काम तेवढंच आहे. ते जड झालंय ते माणसं गेल्यामुळे, हे मी आकड्यांत आजपर्यंत कधी मांडलं नव्हतं.

---

नेरळची_वाट | २२ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

कर्जत भागात आम्ही गेली सहा वर्षं एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक करतो, चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेली पद्धत. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणीसुद्धा नाही. एकदाच गादीवाफे करायचे, नंतर वर्षानुवर्षं मोडायचे नाहीत. लोखंडी साचा वाफ्यावर दाबला की २५ बाय २५ सेंटिमीटरवर भोकं पडतात, त्यात तीन-चार दाणे टाकायचे. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. दुसऱ्या वर्षापासून गांडुळांची विष्ठा इतकी दिसते की वाफा वेगळा ओळखू येतो.

पेणच्या ताईंच्या पाठीचा विचार केला तर लावणी टळणं हे केवढं मोठं आहे बघा. साचा दोघं धरतात, उभ्याने.

पण एक गोष्ट लपवणार नाही. तणासाठी यात तणनाशकाची शिफारस आहे. आम्ही तीन वर्षं मारलं. नंतर दोन वाफ्यांवर न मारता फक्त हाताने बेणून पाहिलं, पहिल्या पस्तीस दिवसांत दोनदा. त्या दोन वाफ्यांत आमची जितकी माणसं गेली तितकी सगळ्या शेतात जात नाहीत. म्हणून लहान तुकड्यावर ते शक्य आहे, एकरावर आम्हाला जमलं नाही.

कातळकोपरा | २२ नोव्हेंबर, दुपारी २.००

तुमचं प्रामाणिक लिहिणं आवडलं. तणनाशक आमच्याकडे नको, कारण खाचरांच्या खाली विहीर आहे आणि तिचंच पाणी पितो. पण सातव्या तुकड्यावर, दीड गुंठा आहे, पुढच्या जूनमध्ये साचा वापरून बघतो. साचा लोहाराकडून करून घेईन. मापं लिहाल का?

नेरळची_वाट | २२ नोव्हेंबर, दुपारी ४.१५

दोन सऱ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३६ सेंटिमीटर, म्हणजे वर गादी १०० सेंटिमीटरची राहते. खुंट्या बोटभर जाडीच्या, टोकाला निमुळत्या. फार जड करू नका. ओल्या वाफ्यात रुतला की उचलताना माती घेऊन वर येतो.

---

मांडवीतीर | २२ नोव्हेंबर, रात्री १०.३०

गोव्यातून. आमची खाजनं म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याखालची जमीन, बांध घालून मिळवलेली. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत-बाहेर करायचं. चिखल इतका खोल की जड यंत्र आत गेलं की रुतून बसतं. तिथे अजून विळा आणि डोक्यावर भारा. कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात उंच वाढतं आणि पडतं, पडलेलं भात यंत्राला उचलता येत नाही, माणसाच्या हाताला येतं. बांधाला भोक पडलं तर त्याच रात्री चिखल-पेंढा भरावा लागतो, नाहीतर शेत खारं. पूर्वी ही जबाबदारी सगळ्या गावाची होती. आता बांध कोण बघणार यावर बोलणी होतात आणि तोवर पाणी आत आलेलं असतं. भीमेकाठच्या दादांनी लिहिलं ते वाचताना मला आमचेच बांध दिसले.

---

आजीची_कणगी | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

पीक कणगीत पडलं म्हणालात, पुढचं कुणी विचारलंच नाही. साठवणीत बिघडलं तर सगळी मेहनत पाण्यात.

भात चांगलं वाळलंय का हे दाताखाली बघायचं. कट्ट आवाज येऊन दाणा दुभंगला तर झालं. नुसता चेपला तर अजून एक-दोन उन्हं द्या. कणगी आतून-बाहेरून शेण-मातीने सारवून कडक उन्हात वाळवायची, कोपऱ्यातली बारीक भोकंसुद्धा बुजवायची. तळाला आणि मधल्या थरांत निरगुडीचा पाला सुकवून. कणगी जमिनीवर नको, दगड-फळ्यांवर हातभर उंच आणि भिंतीपासून सुटी.

कडधान्याला राख. चाळलेली, थंड, लाकडाची राख वालात-कुळथात भरपूर मिसळायची. राखेने किड्याच्या अंगावरचं मेणासारखं पटल खरवडतं आणि तो कोरडा पडून मरतो. बियाण्याचं वेगळं ठेवा, त्याला मी एरंडेलाचा हात लावते. कातळकोपरा, भातानंतर त्या खाचरात काय घेता? ओल असते ना?

कातळकोपरा | २३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

आजी, नमस्कार. गेल्या वर्षी काहीच घेतलं नाही. यंदा तीन तुकड्यांत कुळीथ टाकलाय, दोन तुकड्यांत वाल टोकलाय. ओल अजून आहे. वानर आणि डुकरं हीच काळजी. रात्री आळीपाळीने शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) झोपतो.

आजीची_कणगी | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

वाल उशिरा टोकू नका, आत्ताच व्हायला हवा होता. झालाय ते बरं. शेंगा वाळल्या की पहाटे दवात तोडा, उन्हात तोडल्या तर तडकून दाणे रानातच सांडतात.

---

पेणची_थोरली | २३ नोव्हेंबर, रात्री ७.५०

कातळकोपरा दादा, तासातासाने बदलता हे वाचून समाधान वाटलं. आणखी एक करून बघा. रोप काढताना चिखलात वाकण्याऐवजी वाफ्याच्या सरीत लाकडी पाटावर बसून काढा आणि मुळं बादलीत धुवा. आमच्याकडे बायकांनी हे सुरू केलं तेव्हा म्हाताऱ्यांनी नावं ठेवली. आता त्याच घरांत सगळे बसून काढतात.

दांडापाचर दादा, तुम्ही बाईला बोलावून दांडा मापता हे मी आमच्या बचत गटात वाचून दाखवलं. अकरा जणींनी दांडे सांगायचं ठरवलंय. आमच्या सुताराला नेढ्याचं बारीक-जाड टोक समजावून सांगायचं आहे. मापासकट एक साधं चित्र इथे टाकाल का?

दांडापाचर | २३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

उद्या काढून टाकतो, ताई. अकरा जणींच्या खांद्याची उंची आणि मुठीचा घेर लिहून घ्या, एकच माप सगळ्यांना देऊ नका.

---

कातळकोपरा | ३० नोव्हेंबर, रात्री ८.२०

या आठवड्यात झालं ते सांगतो. भीमेकाठच्या दादांचा प्रश्न मी वाडीत तसाच्या तसा विचारला. आबा, आम्ही आणि खालच्या आळीतलं एक घर, अशा तिघांनी पुढच्या लावणीला सावड करायचं ठरवलं. तिन्ही घरं मिळून सात माणसं होतात. आधी ज्याचं रोप एकवीस दिवसांचं होईल त्याचं खाचर. म्हणून पेरण्या चार-चार दिवसांच्या अंतराने करायच्या, आधी आबा, मग खालची आळी, शेवटी आम्ही. बांधावर गिरिपुष्प कमी पडतं, त्याच्या काठ्या मेअखेर तिन्ही घरांच्या मेरांवर खोचायच्या. आबा त्याला उंदीरमारी म्हणतात आणि त्यांना ती आणखी एका कारणासाठी हवी आहे, उंदरांनी यंदा त्यांचा वरचा बांध पोखरलाय.

मुंबईतल्या दोन घरांनाही फोन केले. एकाने जूनच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस येतो म्हटलंय. त्याला लहानपणी लावणी येत होती.

कोयते, विळे आणि आबांच्या नांगराचा फाळ काल लोहाराकडे पोचवले, साच्याचं मापही दिलं. बुधवारी आणायचे आहेत.